ग्राफ स्क्रीनवर एक, सेव्ह केल्यावर दुसराच

संपादक साहेब, नमस्कार.
खानापूर-निपाणीकडची पोरं बेळगावात इंजिनिअरिंगला येतात, प्रोजेक्टचे ग्राफ मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथन भाषेतलं ग्राफ काढायचं साधन) काढतात, आणि लॅबमध्ये जुनं व्हर्जन असलं की स्क्रीनवर बॅकग्राउंड राखाडी पण फाईल सेव्ह केली की पांढरं, मग पोरगं उगाच प्रिंटवाल्याशी भांडतं. 2017 च्या 2.0 व्हर्जनमध्ये दोन्हीकडे पांढरं झालं खरं, पण स्वतः दुसरा रंग दिला तर सेव्ह करताना तो उडायचाच, ते 2020 मध्ये 3.3 ला सुधारलं. एवढी वर्षं का लागली देव जाणे! लॅबवाल्यांनी व्हर्जन तेवढं अपडेट करावं, आणि सरांनी सेव्हफिगमध्ये, म्हणजे ग्राफ सेव्ह करायच्या कमांडमध्ये, फेसकलर (बॅकग्राउंडचा रंग) स्वतः लिहायला शिकवावं, डिफॉल्टच्या भरवशावर सोडू नये.
– एक पालक, खानापूर