गेट ते पार्किंगच्या रस्त्यावर पुन्हा मुरूम टाकण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, विश्रामबाग, सांगली

विषय : गेट ते पार्किंगचा कच्चा रस्ता कमी खर्चात टिकाऊ करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर या रस्त्यावर मुरूम पडतो आणि गणपतीपर्यंत दिसेनासा होतो. तो वाहून जात नाही, खाली जातो. आपली काळी माती पाण्याने फुगून मऊ पडते. टँकरचे चाक गेले की मुरूम तिच्यात रुततो आणि चिखल वर येतो. म्हणून नुसता मुरूम टाकण्यास आमचा विरोध आहे.

सुरुवात पाण्यापासून करावी. गच्चीचे पाईप रस्त्यावरच सुटतात. ३,००० चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस झाला की सुमारे ७,००० लिटर पाणी उतरते. शिवाय टाकीचा ओव्हरफ्लो आहेच. हे पाणी वळवल्याशिवाय खडीवर एक रुपयाही खर्च करू नये.

रस्त्याच्या उताराकडच्या कडेने एक फूट रुंद, सुरुवातीला दीड फूट खोल चर काढावा. १०० फुटांना किमान ६ इंच उतार हवा. तो लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासावा, नजरेने नाही. चरात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे), त्यावर ४ इंची छिद्रांचा पाईप (छिद्रे खाली) आणि ४० एमएम खडी, मग कापड वरून दुमडून घ्यावे. कापड नसेल तर काळी माती खडीत शिरून चर बुजतो. चराचे तोंड महापालिकेच्या गटाराच्या भरलेल्या पातळीपेक्षा वर हवे, नाहीतर जोराच्या पावसात गटारच आपल्याकडे येईल. जोड देण्याआधी वॉर्ड कार्यालयात विचारावे.

आता रस्ता. १२० बाय १२ फूट धरून हिशोब असा : ९ इंच माती काढायची, तळाला तेच कापड, त्यावर ८ इंच ६०-४० एमएम खडी, वर ४ इंच मुरूम. म्हणजे रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा ३ इंच उंच राहतो. जमिनीच्या पातळीतच ठेवला तर खोदलेल्या जागेची टाकी होते. दाबल्यावर बसणारा भाग धरून खडी १२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), मुरूम ६ ब्रास, चरासाठी सव्वादोन ब्रास खडी आणि चरासकट सुमारे २४० चौरस मीटर कापड लागेल.

खोदलेल्या तळालाच चराकडे ४ इंच उतार द्यावा. पृष्ठभागाला उतार दिला आणि तळ सपाट ठेवला तर पाणी आत साचून माती पुन्हा फुगते. ही चूक वरून दिसत नाही, म्हणून कापड अंथरण्याआधी समितीपैकी कोणी तरी तळ पाहावाच. कापडाच्या जोडांना दीड फूट ओव्हरलॅप हवा. खडी ४-४ इंचांच्या दोन थरांत पसरून प्रत्येक थरावर रोलर फिरवावा आणि वरच्या फटीत क्रशर डस्ट (खडी फोडताना निघणारी दगडाची भुकटी) भरावी. डस्ट टाळली तर मुरूम फटींतून खाली उतरतो. कडेला डबर रोवले नाहीत तर चाकाखाली खडी बाजूला सरकते. पाण्याची लाइन कुठून जाते ते आधी फक्कीने आखून घ्यावे.

मुरूम ओला करून तळहातावर वळावा. बारीक वळी न तुटता झाली तर त्यात माती जास्त आहे, तो परत पाठवावा. पसरल्यावर मुठीत गोळा राहील पण पाणी सुटणार नाही इतपत ओलावा ठेवून दाबावा.

ट्रॉली आपण मोजावी : १० × ५ × २ फूट म्हणजे एक ब्रास. गौण खनिजाचा वाहतूक पास नसलेला माल घेऊ नये. सध्या ट्रॅक्टर उसावर आहेत. कारखाने बंद झाल्यावर एप्रिलमध्ये ते मोकळे होतात आणि मातीही कोरडी असते. निधी कमी पडला तर पाणी वळवणे आणि चर आधी करावा, मग सर्वांत रुतणारा ५० फुटांचा पट्टा संपूर्ण पद्धतीने करावा. पूर्ण लांबीवर पातळ थर देऊन पैसे वाचत नाहीत. पेव्हर ब्लॉकचा प्रस्तावही तूर्त बाजूला ठेवावा, कारण असा पाया नसेल तर तेही वर्षात खचतात.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि वरील मापांवरच तीन दरपत्रके मागवावीत, म्हणजे तिन्हींची तुलना करता येईल. उतार आणि थरांची जाडी तपासायला आम्ही दोघे-तिघे कामावर उभे राहू.

कळावे,
आपले,
ब विंगमधील सभासद