गाठीचा जिवंत तुकडा

सांगली, रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा तू विचारलंस, "आत्याची गालातली कर्करोगाची गाठ काढल्यावर तुम्ही ती जिवंत ठेवणार, मग कुठलं औषध लागू पडेल ते तिच्यावरच बघून सांगा की!" फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

संशोधनासाठी जिवंत ठेवतात हे खरं आहे. तुकडा शरीराबाहेर आला की रक्तपुरवठा तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. एरवी तपासणीसाठी गाठ फॉर्मालिनमध्ये टाकतात. त्यात तिची रचना टिकते, जीव जातो. आम्हाला हवा तो तुकडा त्याआधीच बाजूला काढावा लागतो, आणि तोही निदानाला पुरेसं ठेवून पॅथॉलॉजिस्ट देतील तेवढाच. मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा आधीच मेलेला असतो, कडा कॉटरीनं, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायच्या तापत्या उपकरणानं, भाजलेल्या असतात. त्यातून अर्धा सेंटिमीटर चांगला मिळाला तरी मला आनंद होतो. तो पोषक द्रावणात आणि बाटली बर्फात. गोठू मात्र द्यायचा नाही, आत बर्फाचे स्फटिक झाले की पेशी फुटतात. मग मिरजेहून गाडी थेट पुण्याच्या लॅबकडे. कलमाचे डोळे भरायची काडी तू ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतोस ना, तीच घाई इथे असते.

तोंडातल्या गाठीबरोबर जंतू आणि बुरशीही येतात. ते पेशींपेक्षा कितीतरी वेगानं वाढतात आणि रात्रीत सगळं गढूळ करतात. म्हणून आधी अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक घातलेल्या द्रावणात तुकडा पुन्हा पुन्हा धुतात.

पुढे दोन वाटा. एकीत पेशी सुट्या करून मॅट्रिजेलमध्ये ठेवतात. बर्फावर पातळ आणि ३७ अंशांना घट्ट होणारं हे जेल उंदरातल्या एका गाठीपासूनच बनतं. त्यात पेशींचे छोटे गोळे वाढतात, त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. २००९ साली तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळपेशीपासून असे गोळे वाढवून दाखवले, तिथून ही वाट रुळली. हे गोळे महिनोन्‌महिने वाढवता येतात, पण गाठीतल्या प्रतिकारपेशी हळूहळू नाहीशा होतात.

मला दुसरी वाट जास्त आवडते. थरथरणाऱ्या पात्यानं तुकड्याचे साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचे काप करायचे. जाड काप चालत नाही, कारण ऑक्सिजन जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर आत पोचतो आणि मधला भाग गुदमरतो. पातळ कापात कर्करोगाच्या पेशी, त्यांच्या शेजारचे तंतू आणि प्रतिकारपेशी जागच्या जागी राहतात. टिकतो मात्र थोडेच दिवस. तेवढ्यात काही कापांवर औषध घालायचं, काही तसेच ठेवायचे. औषध न घातलेलेच मेले, तर त्या चाचणीला काही अर्थ नाही.

आता आत्यांचं. २०१८ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगांवर एक अभ्यास आला. ऑर्गनॉइडवर जे औषध निकामी ठरलं, ते त्या रुग्णांतही निकामीच ठरलं. जे लागू पडलं, ते ८८ टक्के वेळा रुग्णालाही लागू पडलं. वाचून माझीही उमेद वाढली होती. पण रुग्ण मोजकेच होते आणि गालाचा कर्करोग वेगळा. शिवाय लॅबमधल्या डिशमध्ये यकृत नाही, वाहतं रक्त नाही. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध यकृतात बदलल्यावरच काम करतं. बेव्हासिझुमॅब हे दुसरं औषध गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. अशा औषधांचं खरं रूप डिशमध्ये दिसणार कसं?

म्हणून आमच्या तुकड्यावर आत्यांचं औषध ठरणार नाही. ऑपरेशननंतर रेडिएशन लागेल का, सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं का, हे काढलेल्या गाठीच्या कडा आणि मानेतल्या लसिकाग्रंथी यांच्या रिपोर्टवर ठरेल. कुणी पैसे घेऊन "तुमचं औषध डिशमध्ये शोधून देतो" म्हणालं, तर आधी मला फोन कर. आणि त्यासाठी ऑपरेशनची तारीख मुळीच पुढे ढकलू नकोस.

तुकडा द्यायचा की नाही, हे आत्यांनीच ठरवायचं. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्णाच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर वाढतात, घरच्यांना मात्र वीसेक वर्षं पत्ताच नव्हता. म्हणून संमतीपत्र मी बोटानं दाखवत, मराठीत, सावकाश वाचून दाखवतो. यातून तुम्हाला आज फायदा नाही, हे वाक्य सर्वांत आधी सांगतो. नाही म्हणालात तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हेही. तरी कितीतरी जण "पुढच्याला उपयोग होईल ना, मग घ्या" म्हणतात. तेव्हा मला गलबलून येतं.

ऑपरेशनची तारीख कळली की कळव. आदल्या दिवशी मी येऊन आत्यांशी स्वतः बोलेन. मिश्री सुटली का, तेही विचार. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश