मथळ्यात ‘उंदीर’ हा शब्द असू द्या

महोदय,

‘स्मृतिभ्रंशावर औषध सापडले’, ‘कर्करोगाची गाठ नाहीशी’ अशा मथळ्याची बातमी छापून आली, की दुपारच्या आत माझा फोन वाजतो. एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात माझी नोकरी झाली, हे नात्यातल्या आणि ओळखीच्या लोकांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘ते औषध कुठे मिळेल, कुणाला भेटायचं?’ हे विचारायला त्यांना मीच आठवते. मी बातमी शेवटपर्यंत वाचते. खाली कुठेतरी, एखाद्या ओळीत, प्रयोग उंदरांवर झाल्याचा उल्लेख असतो. कधी तोही नसतो. मग पलीकडच्या माणसाला सांगावं लागतं, की हे औषध अजून एकाही माणसाला दिलेलं नाही. मागे एका बाईंनी फोन करण्याआधीच नवऱ्याचे सगळे रिपोर्ट तारीखवार फाइलला लावून ठेवले होते. त्यांना काय सांगायचं?

माझं मागणं छोटं आहे. प्रयोग उंदरांवर झाला असेल तर ‘उंदरांवर’ हा शब्द मथळ्यातच छापा.

प्रयोगातला उंदीर कसा असतो, हे बहुतेक वाचकांनी पाहिलेलं नसतं. पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून तयार केलेल्या वाणाचे हे उंदीर जनुकांनी जवळपास सारखे असतात. वय सारखं, खाणं सारखं, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. अल्झायमर त्यांना आपणहून होत नाही. माणसातली सदोष जनुकं त्यांच्यात घालून त्याच्यासारखी लक्षणं निर्माण करतात. कर्करोगाची गाठही पुष्कळदा पेशी टोचून वाढवलेली असते. आणि औषधाची वाट पाहणारा रुग्ण असतो सत्तरीचा, मधुमेह आणि रक्तदाब असलेला, आधीच चार गोळ्या चालू असलेला.

त्यातही उंदीर कसा हाताळला यावर पुष्कळ अवलंबून असतं. आमच्याकडे पिंजरा बदलताना शेपटीला धरून उचलायची पद्धत होती. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की शेपटीला धरलेले उंदीर घाबरट होतात, हाताला टाळतात. ओंजळीत किंवा नळीतून उचललेले तसे वागत नाहीत. त्यानंतर कामावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी ओंजळ करायला शिकवत असे. २०१४ मध्ये तर असं आढळलं, की खोलीत पुरुषाचा नुसता वास असला तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची जाणीव बोथट होते. म्हणजे वेदनाशामकाच्या चाचणीत खोलीत कोण उभं आहे यानेही आकडे हलू शकतात. हे सगळं मथळ्यात मावणार नाही, हे मला कळतं. पण ‘उंदरांवर’ एवढा शब्द वाचला, तर वाचक निदान थबकेल.

प्राण्यांवरील प्रयोग निरुपयोगी आहेत, असं मी अजिबात म्हणत नाही. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी स्वादुपिंड काढल्याने मधुमेह झालेल्या कुत्र्यांवर काम केलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं. पण तिथेही पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी स्वादुपिंडाचा तो अर्क अधिक शुद्ध केला, तेव्हा दुसऱ्या खेपेला त्या मुलाची साखर उतरली. आणि असं वळण प्रत्येक वेळी मिळत नाही. २००६ मध्ये पक्षाघातावरच्या प्रायोगिक उपचारांची मोजणी झाली तेव्हा ती १,०२६ भरली. त्यातले कितीतरी प्राण्यांमध्ये गुणकारी ठरले होते, पण रुग्णांना खरोखर उपयोगी पडले ते अगदी मोजके. त्याच वर्षी लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे नवं औषध चाचणीसाठी सहा निरोगी तरुणांना दिलं गेलं. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकंच ते होतं. तरी काही तासांत सहाही जण अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सगळे वाचले.

दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही. अल्झायमरवरच्या, उंदरांवर केलेल्या ६२३ शोधनिबंधांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या निबंधांच्या शीर्षकातच उंदीर नव्हता, त्यांच्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही तो बहुधा गळालेला दिसला, आणि अशा निबंधांना प्रसिद्धीही जास्त मिळाली होती. संशोधकांनी शीर्षक नीट द्यायला हवं, हे खरंच. पण त्यांनी गाळलेला शब्द परत घालणं तुमच्या उपसंपादकांच्या हातात आहे.

माझ्या मनाला आणखी एक गोष्ट लागते. ज्याच्या जिवावर ही माहिती मिळाली, त्याचं नावसुद्धा बातमीत येत नाही. प्रयोग संपला की बहुतेक उंदरांना मारून त्यांचे अवयव तपासले जातात. मी त्यांचे पिंजरे धुतले आहेत, त्यांना घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या दिल्या आहेत, आणि शेवटी नोंदवहीत त्यांच्या क्रमांकापुढे तारीखही लिहिली आहे. बातमीत त्यांना एक शब्द मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

मथळ्यात प्राण्याचं नाव आणि पहिल्या परिच्छेदात दोन गोष्टी द्या: किती प्राण्यांवर प्रयोग झाला, आणि माणसांवरची चाचणी सुरू झाली आहे की नाही. पुढच्या बातमीपासूनच हे करता येईल.

– एक निवृत्त प्राणीगृह तंत्रज्ञ