मूळ सुरू, मूळ बंद

सांगली,
रविवार

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर अपंग मुलांच्या परीक्षेबद्दल बोलताना तू म्हणालास, "सांगितलेलं लिहून द्यायला लेखनिक दिला की कॉलेजचं काम संपलं." तेव्हा मी गप्प बसलो, पण ते वाक्य काही मनातून जाईना. म्हणून हे पत्र.

माझ्या टी.वाय.च्या वर्गातल्या मुलीबद्दल तुला सांगितलं होतं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हात ताब्यात राहत नाहीत, घाई केली की आणखीच ताठतात. गणितात मात्र तिच्या पुढे वर्गात कोणी नाही. गेल्या वर्षी लेखनिक मिळाला तो परीक्षेच्या दिवशी सकाळी, कला शाखेचा. मुलगा भला, अक्षर सुरेख. ती म्हणाली, "वर्गमुळात ए वर्ग अधिक बी वर्ग." त्याने मुळाची रेघ ए वर्गावरच थांबवली. तिच्या लक्षात आलं तोवर पान उलटलं होतं आणि पुढचं सगळं उत्तर चुकलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, मला येत होतं." एवढंच.

निबंध सांगून लिहून घेता येतो रे. गणित आपण कागदावरच करतो. तीन बाय तीनची मॅट्रिक्स सोडवताना नऊ आकडे डोक्यात धरून तू तरी ओळींची वजाबाकी करशील का? ती करत होती, कारण रफ कामही लेखनिकाकडून करून घ्यायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. त्याची मला अजून टोचणी आहे.

यंदा जुलैपासूनच एफ.वाय.चा एक मुलगा तयार केला. दर शनिवारी दोघं स्टाफरूममध्ये बसतात. आधी शब्द ठरवले. "एक्स अधिक एक छेद वाय" म्हटलं तर छेद नेमका कशाखाली? आता ती म्हणते, "अंश सुरू, एक्स अधिक एक, छेद, वाय, संपलं." तसंच "मूळ सुरू, मूळ बंद." अमेरिकेतले अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनी गणित तोंडी सांगण्याची अशीच पद्धत बसवली होती. मॅट्रिक्ससाठी मोठ्या चौकटींचा कागद, एका चौकटीत एकच आकडा, आणि कागद टेबलाला चिकटपट्टीने डकवलेला. तो प्रत्येक ओळ वाचून दाखवतो. ती पंख्याकडे बघायला लागली की त्याने बोलायचं नाही. हे शिकायला त्याला सगळ्यात जास्त दिवस लागले.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनी तासाला किमान २० मिनिटं जादा दिली होती, लेखनिकाला दोन दिवस आधी भेटायचीही सोय ठेवली होती. पण दोन दिवसांत हे बसत नाही. आणि तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला तरी तो सगळा वेळ बोलण्यातच जातो, घसा सुकतो. पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ आत नेण्याची परवानगी आम्ही आधीच लेखी घेतली. यंदा पहिल्यांदाच तिचा पेपर पूर्ण सोडवून झाला.

तुमच्याकडच्या त्या हात थरथरणाऱ्या मुलाला ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारला, ते मला अजिबात पटलं नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकासाठी ती अट लावता येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. त्या उमेदवारालाही लिहिताना हाताला पेटकेच येत होते. निकालाची प्रत काढून प्राचार्यांपुढे ठेव.

आमच्या शब्दांची यादी सोबत पाठवतोय. तिने सांगितली, त्या एफ.वाय.च्या मुलाने लिहिली. तुमच्या मुलाला आत्ताच लेखनिक शोधून दे आणि पुढच्या रविवारी दुपारी तिला फोन करायला सांग. ती वाट बघतेय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक