सही माझी नको, मायची घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांच्या चाचण्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांना गिनीपिग करतात, अशी ओरड आपल्याकडे अधूनमधून होते. ती बिनबुडाची आहे असं मी म्हणणार नाही. इंदूर काही खान्देशला लांब नाही. तिथल्या चाचण्यांवरून २०१२ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा शिरपूरच्या एसटीतही त्याचीच चर्चा होती. माझी तक्रार मात्र उलट बाजूची आहे. माझ्या आईला (आम्ही तिला माय म्हणतो) चाचणीत घेतलं नाही, आणि न घेण्याआधी तीन चकरा मारायला लावून तिला एकदाही धड काही विचारलं नाही.

मी पारोळा तालुक्यात पोस्टमन आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरली. मायला साखर आहे, बीपी आहे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात साखरेच्या नव्या गोळीची चाचणी आहे, तपासण्या फुकट, येण्याजाण्याचं भाडं मिळेल, असं कळलं म्हणून गेलो. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. म्हणजे सकाळी सहाची गाडी धरायची, नऊ वाजता रांगेत उभं राहायचं आणि साडेदहाला सुई टोचेपर्यंत पोटात काही नाही. अखाजीचे दिवस, ऊन तुम्हाला सांगायला नको. साखरेच्या म्हाताऱ्या माणसाला साडेचार तास असं उपाशी हिंडवणं, हाच मुळात एक प्रयोग आहे. दुसऱ्या खेपेला ती स्टँडवर भिंतीला टेकून खालीच बसली. मग पिशवीतली भाकरी काढून दिली.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगतो. चाचणीचं काम पाहणारी मुलगी, वागायला चांगली होती, तिनं बावीस पानांचं संमतीपत्र माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, "काका, तुम्हीच सही करा ना इथे. आजींना काय समजणार?" माय शेजारीच बाकावर बसलेली. चौथी शिकलेली आहे, पोथी वाचते. मी म्हटलं, गोळी ती खाणार आहे, सही माझी कशाला? तेवढ्यात माय स्वतःच बोलली, "सही मी करसू, माले लिखता येस."

मग वाचन सुरू झालं. मराठी मराठीच होतं, पण ते कुणाच्या घरात बोलतात ते मला अजून कळलेलं नाही. 'यादृच्छिक विभागणी', 'छद्म औषध', आणि तिसऱ्या पानावर 'दुहेरी अंध चाचणी'. 'अंध' ऐकल्याबरोबर माय उठून उभी राहिली. "आते डोया बी काढतीन का रे भाऊ?" मुलगी हसली, मला नाही हसू आलं. एवढंच सांगायचं होतं की कुणाला खरी गोळी आणि कुणाला बिनऔषधाची, हे भिशीच्या चिठ्ठीसारखं ठरतं, आणि ती चिठ्ठी डॉक्टरलाही दिसत नाही, पेशंटलाही नाही. मी अहिराणीत हे सांगितलं तर दोन मिनिटांत समजलं. भिशी तिनं चाळीस वर्षं चालवली आहे.

पुढे वारसदाराचं नाव आणि वार्षिक उत्पन्न लिहायचे रकाने आले. "वारस कसाले? मी मरी ऱ्हायनी का?" हाही प्रश्न रास्तच. चाचणीमुळे माणूस दगावला तर भरपाई कुणाला द्यायची, यासाठी ते नाव लागतं. ते का लागतं, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. भरपाईचं पुढे मी शोधून वाचलं. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत सूत्र दिलं आहे: आठ लाख मूळ रक्कम, तिला वयाचा आकडा आणि जोखमीचा आकडा लावायचा. वयाचा आकडा सोळाव्या वर्षी २२८.५४, आणि उतरत उतरत ६५ व त्यापुढे सगळ्यांना ९९.३७. हे कोष्टक कामगारांच्या भरपाईच्या कायद्यातून उचललेलं आहे, म्हणजे हिशेब उरलेल्या कमाईच्या वर्षांचा. म्हाताऱ्याचा जीव त्या हिशेबात सोळा वर्षांच्या पोराच्या निम्म्याहूनही खाली येतो. मायला हे मी अजून सांगितलेलं नाही.

त्याच नियमांत एक गोष्ट मात्र मला फार पटली. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घ्यायची तर सगळी चर्चा चालू असताना एक निःपक्ष साक्षीदार समोर बसलेला पाहिजे आणि त्यानंही सही केली पाहिजे. आम्ही पोस्टात हे वर्षानुवर्षं केलं. पन्नास रुपयांच्या मनीऑर्डरवर अंगठा घ्यायचा तरी साक्षीदार लागायचा. नातेवाइकानं सही करायची ती माणूस बेशुद्ध आहे, स्वतः ठरवूच शकत नाही, अशा वेळी. नुसतं वय झालं, म्हणून मुलाचा हात धरायचा नाही.

तिसऱ्या खेपेला आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आणि माय बाद झाली. चाचणीला ७५ ची मर्यादा, आधारवर तिचं वय ७६. जन्मतारीख १ जानेवारी, जशी आमच्या निम्म्या गावाची आहे. शाळेच्या दाखल्याप्रमाणे ती दोन वर्षांनी लहान निघते. गंमत अशी की याच आधारवर तिला ७५ पुढची म्हणून एसटी फुकट आहे. त्याच कागदावर गाडीत जागा आणि दवाखान्यात नाही. भाच्यानं नंतर मोबाइलवर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंद काढून दाखवली, तर वयाची अट तिथे पहिल्या दिवसापासून उघड लिहिलेली होती. ते पान आम्ही नाही बघितलं, ही आमची चूक. पण रोज तेच काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी आधार मागितलं असतं तर?

आता मुद्द्यावर येतो. ही गोळी बाजारात आली की खाणार कोण? पंचाहत्तरच्या आतलेच का? गावात साखरेच्या गोळ्यांचे डबे कुणाच्या उशाशी असतात ते मला पेन्शन वाटताना दिसतं. पाच-पाच गोळ्या, वर वैद्याचा काढा. अशी माणसं 'इतर आजार' म्हणून चाचणीतून गाळायची आणि नंतर औषध त्यांनाच द्यायचं, हे काही बरोबर नाही. म्हाताऱ्यांना वेगळं तपासा, हे औषध नियंत्रकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १९९३ पासून लिहिलेलं आहे.

आणि तपासलं तर किती उपयोग होतो, याचीही उदाहरणं आहेत. ऐंशीच्या पुढे बीपी उतरवावं की तसंच राहू द्यावं, यावर पूर्वी डॉक्टरांतच एकमत नव्हतं. 'हायव्हेट' नावाच्या चाचणीत ऐंशीच्या पुढचीच ३,८४५ माणसं घेतली. गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. निष्कर्ष २००८ साली आले. याच्या उलट 'ॲस्प्री'. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ धडधाकट म्हातारी माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, रोज छोटी ॲस्पिरिन. २०१८ मध्ये कळलं की त्यांचं धडधाकट आयुष्य काही त्यानं वाढलं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. (ज्यांना आधी झटका येऊन गेलाय त्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये, त्यांचा हिशेब वेगळा.) दोन्ही गोष्टी चाळिशीच्या माणसांवर तपासून कधीच कळल्या नसत्या.

चाचणीवर नजर ठेवणाऱ्या नैतिक समितीत किमान सात जण असावे लागतात, त्यात एक सामान्य माणूसही लागतो. आपल्या खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या रुग्णालयांनी ती खुर्ची साठी ओलांडलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या बाईला द्यावी. संमतीपत्र आधी तिला वाचून दाखवावं. तिला 'दुहेरी अंध' कळलं तर पुढे छापावं. रक्त घ्यायला माणूस गावच्या आरोग्य उपकेंद्रात पाठवावा. वयाची वरची मर्यादा ठेवायचीच असेल तर ती का ठेवली, ते संमतीपत्राच्या पहिल्याच पानावर लिहावं.

मायनं त्या बावीस पानांची प्रत मागून आणली आहे. पुढच्या वेळी कुणी चाचणीचं विचारलं तर आधी वयाची अट दाखवा म्हणायचं, असं तिनं मला बजावलं आहे.

आपला,
एक पोस्टमन, ता. पारोळा, जि. जळगाव