मनू, फोन घेण्याआधी

सांगली
रविवार, रात्र

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी जेवताना जे झालं त्यावर आता बोलू नका, असं आई म्हणते. पोरगी बंगळूरला चालली आहे, हसत जाऊ दे. तिचं बरोबर आहे. म्हणून बोलत नाही, लिहितो. हे पत्र बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवतोय, लाडवांच्या डब्याखाली. गाडी सुटल्यावर वाच.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्हीच शिकवलंत आणि आता तुम्हीच नको म्हणताय." मी ताटावरून उठलो तो रागावून नाही. उत्तर सुचलं नाही म्हणून उठलो.

तुला हवा असलेला पाइनफोन, अँड्रॉइडऐवजी लिनक्स या कोणालाही बदलता येणाऱ्या खुल्या सिस्टिमवर चालणारा तो फोन, काय आहे हे न बघता मी नको म्हटलं, असं समजू नकोस. तू पाठवलेलं सगळं वाचलं, दोनदा. मागचं झाकण नखाने निघतं आणि आत सहा बारीक खटके. एकाने मॉडेम, म्हणजे सिमचं नेटवर्क पकडणारा भाग, बंद, एकाने वायफाय, एकाने माईक, दोन्ही कॅमेऱ्यांना वेगवेगळे. स्क्रीनवर "बंद" असं लिहून येण्यापेक्षा खटकाच खाली पाडायचा, हे मला लगेच पटलं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजच्या एमडीएफवर, जिथे गावातल्या सगळ्या लाइनी येऊन जोडल्या जातात तिथे, उभं राहून तेच केलं. लाइनचा फ्यूज काढून खिशात घातला की ती लाइन बंद, मग कोणी काही म्हणो. बॅटरी काढता येते, सॅमसंग जे-7 ची चालते. मेमरी कार्ड घातलं की आधी कार्डावरून सुरू होतो, म्हणजे आतली सिस्टिम तू मोडलीस तरी यंत्र फुकट जात नाही. आणि तू मोडणारच, त्याशिवाय तुला चैन पडत नाही. वस्तू चांगली आहे मनू. मन लावून केलेली आहे.

पण रिंग वाजेल का?

त्याचं मॉडेम म्हणजे वेगळा छोटा संगणकच आहे, आत स्वतःचं लिनक्स चालवणारा. मुख्य फोन झोपलेला असतो. कॉल आला की मॉडेम त्याला उठवतं, तो जागा होतो, मग रिंग. मधे काही सेकंद जातात. तू म्हणालीस तेवढं चालतं. चालतं की नाही, ते फोन करणारा कोण आहे आणि कशासाठी करतोय त्यावर आहे. त्यात आपल्याकडची नेटवर्कं. जिओ 2016 ला सुरू झालं तेच फोरजीवर, आवाजसुद्धा व्होल्टीने, म्हणजे फोरजीवरूनच जातो, खाली उतरायला टूजी-थ्रीजी नाहीच. एअरटेलने थ्रीजी बंद केलं. म्हणजे व्होल्टी जुळलं तर ठीक, नाहीतर टूजीच्या भरवशावर बसायचं. तू जुळवशील, मला शंका नाही. पण एखाद्या रात्री अपडेट आलं आणि जुळलेलं सुटलं, तर ते तुला कधी कळणार? आम्ही फोन करत असू आणि तू निवांत झोपलेली असशील.

यूपीआयबद्दल बोलणार नव्हतो, पण आलंच. ते अॅप चालू करताना त्याच फोनमधून, त्याच सिमवरून एक एसएमएस जातो आणि त्यावरून बँक फोन ओळखते. वेड्रॉइड टाकून अँड्रॉइडची अॅप चालवीन म्हणालीस. बँकांची बरीचशी अॅप आधी फोन प्रमाणित आहे का ते तपासतात आणि नसेल तर उघडतच नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मेसवाला, रिक्षावाला, कोपऱ्यावरचा इडलीवाला, सगळीकडे क्यूआरच. सुटे पैसे जवळ ठेवायची तुला सवय नाही. कधीच नव्हती. शाळेच्या सहलीला दिलेले वीस रुपयेसुद्धा तू दप्तरात विसरून गेली होतीस. आणि ते 112 चं. पॉवरचं बटण तीनदा दाबलं की मदतीचा कॉल जावा, हा नियम आपल्याकडे विकायच्या स्मार्टफोनना 2017 पासून आहे. बाहेरून मागवलेल्या यंत्रात ती सोय कोण घालणार? रात्री साडेदहाला ऑफिसमधून निघशील तेव्हा

हे भाषण झालं. माफ कर. शुक्रवारीही असंच झालं होतं, मला थांबता आलं नाही.

दुसरं लिहितो. कपाटातल्या खाकी फाइलमध्ये 2004 सालचं एक कात्रण आहे, तू लहानपणी पाहिलं असशील. अमिडा सिंप्युटरचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी मिळून आखलेला खिशातला संगणक, लिनक्सवर चालणारा, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला. आपल्या भाषांतला मजकूर वाचून दाखवणारा. त्याला स्मार्ट कार्डाची खाच होती, म्हणजे गावात एकच यंत्र ठेवायचं, प्रत्येकाने आपलं कार्ड घालायचं आणि आपली माहिती आपल्या कार्डावर घेऊन घरी जायचं. हे वाचून मी एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना दाखवत फिरलो होतो. तो फार चालला नाही. पण आपल्याकडच्या माणसांनी असा विचार केला होता हे मनात राहिलं, आणि 2011 मध्ये नोकियाचं ते लिनक्सवर चालणारं एन-900 घेतलं ते त्याच्याच ओढीने. एरवी माझ्या पगारात ते बसलं नसतं. त्या फेब्रुवारीत नोकियाने आपली सिस्टिम सोडून विंडोज घ्यायचं जाहीर केलं, आणि शिंद्यांच्या पुतण्याला वाटलं आता याला कोण विचारतो. निम्म्या किमतीला दिलं त्याने.

तू दुसरीत होतीस. सरकवून कीबोर्ड बाहेर काढलास आणि "बाबा, याला ड्रॉवर आहे" म्हणालीस. त्या साडेतीन इंचाच्या पडद्यावर काडीने टोचून टोचून टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडायला शिकलीस. पहिली कमांड मी सांगितली, दुसरी तू विचारलीस, तिसरी मला माहीत नव्हती. त्यातला एफएम ट्रान्समीटर लावून तू स्वतः रेकॉर्ड केलेल्या बातम्या नानीच्या रेडिओवर लावायचीस, आणि नानी खरंच आकाशवाणी समजून ऐकायची. इन्फ्रारेडने आक्काचा टीव्ही बंद करायचीस, ऐन मालिकेच्या वेळी. आक्काने टीव्ही दुरुस्तीला नेला होता, आठवतं?

तेच यंत्र तू गेल्या दिवाळीत पोस्टमार्केटओएस, ती जुन्या फोनसाठीची लिनक्स सिस्टिम, घालून पुन्हा चालू करून दाखवलंस. 2009 सालचं यंत्र. बनवणाऱ्यांनी सोडून दिलं, त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि माझी मुलगी त्यात नवा कर्नल, सिस्टिमचा गाभा, चढवते. फोन दहा वर्षं तरी टिकावा असं ती पोस्टमार्केटओएसची मंडळी म्हणतात, ते मला फार पटतं. तुझा सहा ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, त्यांच्याकडे घेतला गेला त्याची प्रिंट मी काढून आणली आहे. त्याच खाकी फाइलमध्ये आहे, कात्रणाच्या मागे. भाऊकाकाला दाखवली. त्याला काही कळलं नाही, पण त्याने तुझं नाव दोनदा वाचलं.

आता जे सांगायला हा कागद घेतला ते लिहितो.

नानी, माझी आई, गेली तेव्हा तू चौथीत होतीस. मी पुण्याला प्रशिक्षणाला होतो आणि मला रात्री गाडी मिळाली नाही, असं तुला सांगितलं होतं. तसं झालं नव्हतं. गाड्या होत्या. स्वारगेटहून रात्रभर असतात.

हॉस्टेलच्या खोलीत मी एन-900 वर बसलो होतो. पाच-सहा खिडक्या उघड्या, वायफायवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस उतरत होती, एक काहीतरी जुळत नव्हतं ते जुळवायचा हट्ट. 1320 एमएएचची ती छोटी बॅटरी. चार्जर सांगलीला राहिला होता. दहा टक्के उरले तेव्हा पाहिलं मी. बंद करून ठेवावं, फोनपुरतं तरी राहील, असं मनात आलं. पाच मिनिटांत होईल म्हणून चालू ठेवलं. बंद पडलं, आणि मी झोपलो. सकाळी शेजारच्या खोलीतून चार्जर मागून आणला. चालू झाल्यावर मिस्ड कॉलचे एसएमएस एकामागून एक आले. अकरा. सगळे भाऊकाकाचे, मिरजेच्या दवाखान्यातून. पहिला पावणेबाराचा, शेवटचा तीन वीसचा.

पावणेबाराला निघालो असतो तर साडेचार-पाचला पोचलो असतो. नानी साडेपाचला गेली. मधे ती भाऊकाकाला विचारत होती, बाळूला कळवलंस का.

यात त्या यंत्राचा काही दोष नाही. ते सांगत होतं, मी ऐकलं नाही. मनू, मी एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये वर्षानुवर्षं ड्यूटी केलेला माणूस. दोन-दोन व्होल्टच्या चोवीस सेल, मिळून अठ्ठेचाळीस. रोज पाणी बघायचं, हायड्रोमीटर घालून आम्लाची घनता मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा. गावातले दिवे गेले तरी लोकांच्या घरचा फोन चालायचा तो त्या चोवीस सेलच्या जोरावर, कारण लाइनची वीज आमच्याकडून जायची. अख्ख्या गावाची रिंग वाजावी म्हणून रात्र जागणारा मी, आणि माझ्या आईसाठी आलेली रिंग माझ्या हातात मेली.

आठवड्याने तो बटणांचा फोन घेतला. तू त्याला "बाबांचा डबा" म्हणतेस, म्हणत जा. 2019 च्या पुरात, आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा, गल्लीतले सगळे स्मार्टफोन दुसऱ्या दिवशी गप्प झाले. डबा चौथ्या दिवशीही चालू होता. जोशीकाकूंनी त्याच्यावरूनच अमेरिकेला मुलाला कळवलं. तू तेव्हा मावशीकडे होतीस, दर संध्याकाळी तुझा फोन लागायचा तो त्याच्यावर.

तर माझं म्हणणं असं, की दोन्ही घे. खिशातला संगणक घे, तुला तो हवाच आहे, आणि तुझ्या हातात तो शोभतो. सर्किट बोर्डावर लिनक्स चढवणं हेच तुझं काम असणार, तर तुझ्या खिशात तसंच यंत्र असावं. पैसे कमी पडले तर मी घालतो. पण रोजचं सिम त्यात घालू नकोस. एक साधा अँड्रॉइड घे, स्वस्तातला, त्यात सिम, बँक आणि रिंग. पाइनफोनला त्याचा हॉटस्पॉट दे आणि मॉडेमचा खटका खाली पाडून ठेव. त्या अँड्रॉइडवर तुझा विश्वास नाही हे मला कळतं. तो काय काय कुठे पाठवतो ते तू मला दाखवलंस, आणि ते पाहून मलाही बरं वाटलं नव्हतं. काही वर्षांनी अपडेट थांबतील, चांगला फोन टाकून दुसरा घ्यावा लागेल, तेही चूकच आहे. तू चूक आहेस असं मी कुठेच म्हणत नाहीये. तू त्याच्यात तुझं काही ठेवू नकोस. फक्त वाजू दे त्याला.

मी काल दुकानात जाऊन असा एक घेऊनही आलो होतो. आईने परत करायला लावला. ती कमावती झाली आहे, तिचं तिला ठरवू दे, म्हणाली. तेही बरोबर आहे. म्हणून ठरव तू. दोन वागवायचे नसतील आणि पाइनफोनच ठेवायचा असेल तर ठेव, पण आधी पंधरा दिवस मला रोज रात्री वेगवेगळ्या वेळी त्याच्यावर फोन करू दे. मी वहीत लिहीन, किती लागले आणि किती नाही. आमच्याकडे नवीन केबल अशीच तपासायचे.

मंगळवारी आईला घेऊन मिरजेला जाऊन येणार आहे. साधी तपासणी आहे, जिना चढताना थोडा दम लागतो म्हणून. त्याचा आणि या पत्राचा संबंध नाही.

जॅकेट बाहेरच्या खणात आहे, पहाटे गार असतं तिकडे. पोचलीस की नेहमीसारख्या दोन रिंग देऊन ठेवून दे. मी उचलणार नाही. तिसरी वाजली तर उचलीन.

तुझे
बाबा

ता.क. रिपोर्टचं आईला विचारू नकोस. मला विचार. डब्यावर कर, कितीही वाजता.