रॉकीला बघायला येऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरी आणलेल्या पाखरांबद्दल लेख आला होता. त्यात एक वाक्य होतं, ‘नव्या पाहुण्याला भरभरून माया द्या.’ मायेला माझी ना नाही. पण जुलैत आम्ही नेमकं तेच केलं आणि पोपटाने दोन दिवस अन्नाला चोच लावली नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचा रॉकी आफ्रिकन ग्रे जातीचा, राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा. वय अकरा. ठाण्यातल्या एका कुटुंबाने घर बदलताना तो सोडला. सोडून दिलेली पाखरं सांभाळणाऱ्या ओळखीच्या बाईंकडे तो वर्षभर होता. तिथल्या डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दाखवल्यावर, पिंजऱ्यावर चादर टाकून, भर पावसात कसारा घाट चढून त्याला नाशिकरोडला आणलं. छातीवर एक पीस नव्हतं. सोललेल्या कोंबडीसारखी गुलाबी कातडी. डोकं मात्र अगदी नीट भांग पाडल्यासारखं. कारण स्वतःची चोच डोक्यापर्यंत पोचत नाही. उरलेलं सगळं त्याने स्वतःच उपटलं होतं.

आणि आम्ही काय केलं? हिने औक्षण केलं. पिंजरा हॉलच्या मधोमध, सगळ्यांना दिसावा म्हणून. दोन्ही जिन्यांवरची पोरं जमली. ‘मिठू मिठू, बोल ना’, शिट्ट्या, टाळ्या, मोबाइलचे फ्लॅश. तो सगळ्यांकडे पाठ करून, पिसं अंगाला घट्ट चिकटवून उभा. मला वाटलं, लाजतोय.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंना फोन लावला. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. ‘काका, चारी बाजूंनी माणसं असली तर त्याने पाठ कुठे लावायची? आधी पिंजरा भिंतीला लावा. स्वयंपाकघरापासून लांब. संध्याकाळी अंधार करा, त्याला दहा-बारा तास झोप लागते. आणि कृपा करून त्याच्याकडे टक लावून बघू नका. टक लावून शिकारी बघतो.’ जेवणही लगेच बदलू नका म्हणाल्या. सूर्यफुलाच्या बिया त्याला चांगल्या नव्हेत, पण इतकी वर्षं तो त्यावरच जगलाय. एकदम हिरवा भाजीपाला ठेवला तर उपाशी बसेल.

मी ३४ वर्षं प्रेसमध्ये काढली. (नोटांच्या प्रेसमध्ये. आमच्या भागात ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कोणाच्या मनात येत नाही, राग नसावा.) एका जागी बसून बारकाईने बघण्याची सवय आहे. मात्र इथे न बघता बसायचं होतं. हॉलच्या फरश्या दोन-दोन फुटांच्या. पिंजऱ्यापासून पाचव्या फरशीवर खुर्ची टाकली, त्याच्याकडे खांदा करून, आणि रोज सकाळी अर्धा तास आपला अंक मोठ्याने वाचायला लागलो. पहिले आठ-दहा दिवस मी उठून गेल्यावरच तो खायचा. मग वाचताना मागून दाणे फोडल्याचा आवाज यायला लागला. त्या दिवशी खुर्ची चौथ्या फरशीवर आणली. एकदा अग्रलेखाच्या मधेच त्याने एक पाय पोटाशी घेतला आणि चोच करकर घासली. पोपट निर्धास्त झाला, झोपायला आला की असं करतो. अग्रलेखाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

घरातही उलथापालथ झाली. नॉनस्टिकचे दोन तवे मी भंगारवाल्याला दिले. ते जास्त तापले की त्यातून निघणाऱ्या वायूने पाखरू काही मिनिटांत मरू शकतं, आपल्याला वासही न येता. मच्छर कॉइल बंद. छताचा पंखा, तो बाहेर असला की बंद. उदबत्ती गॅलरीत तुळशीपाशी गेली, तेव्हा ही म्हणाली, ‘तुमच्या पोपटाने देवालाच बाहेर काढलं.’ पिंजऱ्यातल्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या फांद्या बसवल्या, कुठे जाड, कुठे बारीक, म्हणजे तळव्याच्या एकाच जागी भार पडत नाही. दारातल्या फळीवर स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवलाय, त्यावर सूर्यफुलाची एक बी. ती घ्यायला तो चढतो आणि मी लांबून चष्मा लावून आकडा वाचतो. आला तेव्हा ३९२ ग्रॅम होता, आज ४१८. हे वेड नव्हे. पाखरू आजार लपवतं. वजन उतरलं तरच वेळेवर कळतं.

गणपतीपर्यंत खुर्ची दुसऱ्या फरशीवर आली होती. दर्शनाला मेहुणे आले. मी प्रसाद आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी लाड करायला पिंजऱ्यात बोट घातलं. बोटाला दोन टाके पडले. मेहुणे बरे झाले. रॉकीने मात्र नुकती फुटलेली कोवळी पिसं रात्रीत उपटून काढली. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी त्या रक्ताळलेल्या काड्या मी वेचल्या. मुळं अशी पुन्हा पुन्हा दुखावली की तिथे पीस कायमचं येईनासं होऊ शकतं. मी खुर्ची उचलली आणि पुन्हा पाचव्या फरशीवर ठेवली.

दसऱ्याला त्याने माझ्या बोटांमधून डाळिंबाचा एक दाणा घेतला. सटाण्याचं डाळिंब होतं. अर्धा रस त्याच्या चोचीत, अर्धा भिंतीवर. भिंत अजून पुसलेली नाही. आता तो कुकरच्या शिट्ट्या काढतो, त्यामुळे ही दोनदा गॅस बंद करून आली. परवा रात्री चादर टाकताना लहान मुलीच्या आवाजात म्हणाला, ‘गुड नाइट रॉकी.’ आमच्या घरात लहान मूल नाही. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दोन गोष्टी सांगायच्याच आहेत. हे वाचून कोणी हिरवा राघू आणायला निघू नये. माझ्या लहानपणी आमच्याकडे होता, मिरची खाणारा, पंख छाटलेला. तेव्हा कोणाला काही वाटत नसे. पण आपले देशी पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. जखमी सापडला तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आफ्रिकन ग्रेसारखा विदेशी पक्षी घ्यायचा तरी २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. आधी कागद, मग पोपट. शिवाय ही जात चाळीस-पन्नास वर्षं जगू शकते. मी ६६ वर्षांचा आहे. माझ्यामागे कोण, हे भाचीशी बोलून, लिहून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांसाठी, ते आपला अंक वाचतात म्हणून इथेच लिहितो. रॉकीची चौकशी रोज होते, बरं वाटतं. पण त्याला बघायला सध्या येऊ नका. दिवाळीत आमच्या मागच्या खिडकीखाली लड लावू नका, रॉकीला त्याच खोलीत नेणार आहे. पोरांनी मैदानावर उडवावी, मी स्वतः फुलबाज्या घेऊन येईन. पाडव्यानंतर, खुर्ची पहिल्या फरशीवर राहिली, तर एकेकाने यावं आणि वर्तमानपत्र घेऊन यावं.

आपला,
प्रेसमधून निवृत्त एक वाचक,
जेल रोड, नाशिकरोड